पडद्याआडचा सूचीकार

संगणकावर एखादा शब्द शोधावयास घ्यावा आणि क्षणार्धात ‘काहीही सापडले नाही’ असे उत्तर पडद्यावर उमटावे, हा अनुभव आता शाळेच्या कार्यालयापासून मोठ्या कचेऱ्यांपर्यंत सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. उत्तर इतके तत्पर आणि इतके निःशंक असते, की त्याविषयी संशय घेण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः या एका वाक्याचे निदान तीन अर्थ संभवतात. शोधलेली गोष्ट संगणकात खरोखरीच नसेल. ती असेल, पण शोध घेणाऱ्या यंत्रणेने ती अद्याप वाचलेली नसेल. अथवा यंत्रणेने ती वाचली असेल, परंतु तिला त्यातले काही उमगले नसेल. या तीन अवस्थांमध्ये जमीनअस्मानाचे अंतर आहे. पडद्यावरचे वाक्य मात्र तिन्ही वेळी एकच असते.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानुसार एखाद्या नागरिकाने दहा वर्षांपूर्वीच्या पत्रव्यवहाराची प्रत मागितली, तर तीस दिवसांच्या आत त्याला उत्तर द्यावे लागते. समजा, टेबलावर बसलेल्या लिपिकाने शोधाच्या चौकटीत पत्राचा विषय टंकलिखित केला, ‘काहीही सापडले नाही’ हे उत्तर वाचले आणि अर्जावर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असा शेरा मारला. लिपिक प्रामाणिक आहे, त्याने शोध घेतला आहे, आणि तरीही त्याच्या सहीनिशी गेलेले उत्तर खोटे असू शकते. पत्र त्याच यंत्रात, त्याच्या हातापासून दोन वितींवर असू शकते. या असत्याची जबाबदारी कोणाची? माझ्या मते तिचा मोठा वाटा त्या आज्ञावलीच्या रचनाकारांकडे जातो, ज्यांनी आपल्या यंत्रणेला आपले अज्ञान कबूल करावयास शिकविले नाही.

येथे ही यंत्रणा चालते कशी, हे थोडे विस्ताराने सांगावयास हवे. आपण शब्द लिहून कळ दाबतो तेव्हा संगणक आपल्या सर्व फायली एकेक उघडून वाचतो, असा पुष्कळांचा समज असतो. तसे असते तर प्रत्येक शोधाला मिनिटे किंवा तास लागले असते. प्रत्यक्षात वाचनाचे काम आधीच होऊन गेलेले असते. पडद्याआड एक छोटी आज्ञावली सतत जागी असते. तिला आपण सूचीकार म्हणू. ही आज्ञावली एकामागून एक फाइल उघडते, तिच्यातील मजकूर वेगळा काढते, त्याचे शब्द पाडते आणि कोणता शब्द कोणकोणत्या फायलींत आला आहे याची एक प्रचंड नोंदवही तयार करते. ग्रंथाच्या शेवटी जशी शब्दसूची असते, तशीच ही सूची. फरक एवढाच की ती एका ग्रंथाची नसून आपल्या सबंध कपाटाची असते. पुढे आपण काही नवे लिहिले किंवा जुने बदलले की कार्यप्रणाली सूचीकाराला तशी वर्दी देते आणि तो आपली नोंद दुरुस्त करतो. यातून निघणारी महत्त्वाची गोष्ट ही, की आपण शोध घेतो तो आपल्या फायलींत नव्हे, तर आपल्या फायलींच्या सूचीत. सूची जेवढी पूर्ण, तेवढाच आपला शोध पूर्ण. आणि ही सूची किती पूर्ण आहे, हे तिच्या मालकाला सहसा ठाऊक नसते.

सूचीकाराला असे पडद्याआड का ठेवले गेले, याला इतिहास आहे, आणि तो काहीसा गमतीचा आहे. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९५ आणि ऑफिस ९७ या संचांबरोबर ‘फाइंड फास्ट’ नावाची आज्ञावली येत असे. संगणक सुरू होताच ती आपसूक सुरू होई आणि ठरावीक काळाने डिस्क चाळू लागे. मनुष्य पत्र लिहीत बसलेला असावा, आणि मध्येच यंत्राच्या पोटातून खरखर ऐकू यावी, अक्षरे पडद्यावर अडखळत उमटावीत, असा तो प्रकार होता. त्या काळची डिस्क म्हणजे फिरती तबकडी. तिच्यावरील वाचनशीर्ष एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यावयास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. माणसाला ही वेळ नगण्य वाटते. परंतु सूचीकार एका टोकाची फाइल मागतो आहे आणि आपण दुसऱ्या टोकाची, अशी ओढाताण सुरू झाली की यंत्र अक्षरशः धापा टाकू लागते. परिणामी, ‘फाइंड फास्ट’ काढून कशी टाकावी, हाच जाणकारांचा पहिला सल्ला असे. जे साधन शोध जलद व्हावा म्हणून दिले होते, ते संगणक मंद करणारे म्हणून कुप्रसिद्ध झाले.

हीच कथा पुढे लिनक्सच्या जगात वेगळ्या नावांनी घडली. नॉव्हेल कंपनीच्या अभियंत्यांनी ‘बीगल’ नावाचा सूचीकार लिहिला. वासावरून माग काढणाऱ्या कुत्र्याच्या जातीचे हे नाव मोठे समर्पक होते, परंतु त्याची भूकही तशीच होती. प्रोसेसर आणि स्मृती यांवर तो इतका ताण देई, की सुसे लिनक्स बसविल्यावर अनेकजण प्रथम त्याला निरोप देत. ऑक्टोबर २००७ मध्ये उबुंटूच्या ७.१० या आवृत्तीबरोबर ‘ट्रॅकर’ नावाचा दुसरा सूचीकार आला आणि तो मुळातच सुरू ठेवलेला होता. पुढच्याच आवृत्तीत, एप्रिल २००८ मध्ये, तो बंद ठेवून देण्यात आला. या ट्रॅकरची एक गोष्ट मात्र दाद देण्यासारखी होती. पडद्याच्या पट्टीवर त्याचे एक छोटे चिन्ह असे. वाचन चालू असताना ते हलावे की स्थिर राहावे, हे वापरणाऱ्याने ठरवावे. वाटल्यास वाचनाला विराम द्यावा. आपण काम करीत असताना सूचीकाराने स्वतःहून थांबावे, अशीही सोय होती. म्हणजे सूचीकाराने किती दिसावे, हा प्रश्न त्या रचनाकारांना पडला होता, एवढे तरी त्यावरून कळते.

याउलट उदाहरण केडीई या वातावरणाचे. तेथे एप्रिल २०१४ मध्ये ‘बलू’ नावाचा नवा सूचीकार आणण्यात आला, आणि प्रारंभी त्याच्या मांडणीत तो बंद करण्याचे साधे बटणही नव्हते. ज्याला तो नको असेल त्याने वगळावयाच्या फोल्डरांच्या यादीत आपले संपूर्ण घर, म्हणजे मूळ फोल्डरच, टाकावे अशी ती युक्ती! सूचीकार आता इतका हलका आणि शहाणा झाला आहे की तो कोणी बंद करील कशाला, असा रचनाकारांचा विश्वास असावा. विश्वास अस्थानी होता असे मी म्हणत नाही; पण जे यंत्र माझे आहे, त्यात माझे कागद वाचणाऱ्याला थांब म्हणण्याचा अधिकार मला नसावा, ही कल्पनाच लोकांना रुचली नाही. बटण पुढे द्यावे लागले.

ॲपलने या प्रश्नाला एक सुबक उत्तर दिले होते. एप्रिल २००५ मध्ये आलेल्या ‘टायगर’ या कार्यप्रणालीबरोबर ‘स्पॉटलाइट’ आला. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात भिंगाचे एक चिन्ह असे, आणि सूचीकार वाचीत असला की त्या भिंगाच्या मध्यभागी एक ठिपका मंदपणे लुकलुके. चिन्हावर टिचकी मारली की काम किती उरले याचा अंदाज दिसे. आवाज नाही, मध्येच उघडणारी चौकट नाही. पण ज्याला प्रश्न पडेल त्याला उत्तर जागच्या जागी मिळे. यंत्र मंद का झाले, या शंकेने ग्रासलेल्या माणसाला त्या ठिपक्याने केवढा दिलासा दिला असेल, याची कल्पना यावयास फार विचार नको. कारण कळले की त्रास अर्धा होतो. आगगाडी रानात उभी राहिली असता पुढे सिग्नल नाही एवढे गार्डाने सांगितले तरी डब्यातील कुरकुर थांबते, ती काही गाडी सुटते म्हणून नव्हे.

गेल्या वीस वर्षांत सूचीकार बराच सुधारला, हे मान्य केले पाहिजे. विंडोज व्हिस्टाच्या काळी गुगलने अमेरिकेच्या न्यायखात्याकडे तक्रार केली, की मायक्रोसॉफ्टचा अंगभूत शोध इतरांच्या शोधाला मारक आहे. जून २००७ मध्ये जी तडजोड झाली, तीत इतर बदलांबरोबरच, आपला सूचीकार पडद्याआड राहून अन्य आज्ञावल्यांना वाट करून देण्याच्या हिशेबाने बनविला आहे, हे मायक्रोसॉफ्टने इतरांना कळवावयाचे ठरले. तेव्हापासून हाच शिष्टाचार रूढ झाला आहे. मनुष्य कळफलकावर आहे तोवर सूचीकार दबकून असतो. तो उठून चहाला गेला की हा कामाला लागतो. फिरत्या तबकडीची जागा चलभागरहित डिस्कने घेतल्यावर ती खरखरही थांबली. त्यामुळे ‘यंत्र मंद होते’ ही जुनी तक्रार पूर्वीच्या मानाने बरीच निवळली आहे.

परंतु या यशातून रचनाकारांनी एक चुकीचा निष्कर्ष काढला, असे मला वाटते. सूचीकार त्रास देत नाही, तेव्हा तो दिसण्याचेही कारण नाही, असा तो निष्कर्ष होय. त्रास न देणे आणि न दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कचेरीतील शिपाई गडबड न करता काम करतो याचे आपल्याला कौतुक असते. पण तो आज आला आहे की नाही हेच कळू नये, असे कोणी म्हणणार नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपल्या चाचणी-गटातील अशा सभासदांना, ज्यांनी सूचीकार बंद करून टाकला होता, त्याचे कारण विचारले. डिस्क व प्रोसेसर यांवरचा भार आणि एकंदर मंदपणा ही कारणे अपेक्षितच होती. तिसरे कारण मात्र विचार करण्याजोगे आहे: या सूचीकाराचा काही उपयोग आहे असे त्यांना जाणवतच नव्हते. जे कधी दिसत नाही, त्याचा उपयोग जाणवावा तरी कसा? अदृश्य सेवकाच्या वाट्याला श्रेय येत नाही. दोष मात्र सगळे येतात.

कोणी म्हणेल, की सामान्य माणसाला या तपशिलांशी काय कर्तव्य? त्याला शोध हवा, शोधाचे शास्त्र नको. प्रत्येक अंतर्गत क्रियेचे चिन्ह पडद्यावर दाखवू गेल्यास ती पट्टी देवळातील दीपमाळेसारखी दिसू लागेल, आणि हलत्या चिन्हाने माणूस उगाच धास्तावून यंत्र बिघडले असे समजेल. या आक्षेपात तथ्य आहे. फायलींची संख्या सतत वाढताना दाखविणारी चौकट जगातल्या कोणाही शिक्षकाला नको आहे. मीही ती मागत नाही. किंबहुना सूची पूर्ण असताना आणि सर्व काही सुरळीत चालले असताना सूचीकाराने संपूर्ण मौन पाळावे, असेच मी म्हणेन. प्रश्न आहे तो काही सुरळीत नसतानाच्या मौनाचा.

असे प्रसंग अपवादात्मक नाहीत. आपल्याकडचे सर्वांत साधे उदाहरण घ्या. आपल्या कचेऱ्यांत आणि शाळांत महत्त्वाचे कागद ‘डी ड्राइव्ह’मध्ये ठेवण्याची पद्धत सार्वत्रिक आहे. यंत्र बिघडून विंडोज नव्याने घालावी लागली तर ‘सी’ पुसले जाईल, ‘डी’ वाचेल, हा त्यामागचा अनुभवसिद्ध विचार, आणि तो चुकीचा नाही. परंतु विंडोजच्या मूळ व्यवस्थेत सूचीकार वाचतो तो वापरणाऱ्याच्या नावाचे फोल्डर: डॉक्युमेंट्स, चित्रे, डेस्कटॉप इत्यादी. ‘डी ड्राइव्ह’ त्याच्या कक्षेबाहेर असतो. आता कोणी ‘डी’ची खिडकी उघडून तिच्या शोधचौकटीत शब्द लिहिला, तर संगणक शोध घेतो खरा, पण सूचीबाहेरच्या जागी तो मुळात फक्त फायलींची नावे पाहतो, आतला मजकूर पाहत नाही. चौकट तीच, भिंगाचे चिन्ह तेच. सूचीतल्या जागी मजकुराचा शोध, सूचीबाहेर केवळ नावाचा. पत्राचा विषय ‘वेतनश्रेणी थकबाकी’ आणि फायलीचे नाव ‘लेटर नवीन २ अंतिम’ असे असेल, तर ते पत्र या शोधात कधीही सापडणार नाही. आपल्या कचेऱ्यांतल्या फायलींची नावे कशी असतात, हे मी वाचकांना सांगावयास नको. विंडोज ७ मध्ये निदान एक पिवळी पट्टी दिसे. सूचीत नसलेल्या जागी शोध मंद होऊ शकेल असे ती सांगे. जे सांगावयास हवे होते ते हे, की येथे मजकूर तपासला जात नाही. मंदपणाची सूचना दिली आणि अपूर्णतेची दिली नाही, यात रचनाकारांची चिंता कोणत्या दिशेने धावते ते दिसून येते.

लिनक्समध्ये याहून सूक्ष्म प्रकार आहे. तेथे प्रत्येक फोल्डरमधील बदलांची वर्दी मिळण्यासाठी सूचीकाराला त्यावर एक पहारा बसवावा लागतो, आणि अशा पहाऱ्यांची मूळ मर्यादा दीर्घकाळ ८१९२ एवढी होती. फोल्डर त्याहून अधिक झाले की उरलेल्यांत काय बदलले याची तत्काळ खबर लागत नाही. यंत्र चालू, सूचीकार चालू, शोध चालू. फक्त काही कोपऱ्यांतले ताजे लेखन त्यात नाही. अशा वेळी वापरणाऱ्याला कळणार कसे?

आणि मराठीत लिहिणाऱ्यांची कथा तर या सर्वांहून निराळी आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी, आणि काही ठिकाणी त्यानंतरही, आपल्याकडचे टंकलेखन कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या टंकांत होत आले. या टंकांत डोळ्यांना देवनागरी दिसते, परंतु फायलीत साठविलेली असतात ती रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे. टंकाने त्यांच्यावर देवनागरीचा केवळ मुखवटा चढविलेला असतो. सूचीकाराला मुखवटा दिसत नाही. तो ती निरर्थक अक्षरे इमानाने वाचतो, त्यांचे शब्द पाडतो, सूचीत घालतो आणि ‘सूचीकरण पूर्ण झाले’ असा निर्वाळा देतो. नंतर आपण युनिकोडमध्ये ‘शाळा’ असा शब्द शोधला की वर्षानुवर्षांचा शालेय पत्रव्यवहार समोर असून उत्तर येते, काहीही सापडले नाही. सही-शिक्क्यासह स्कॅन केलेल्या परिपत्रकांचेही तेच. ती माणसाला मजकूर वाटतात. अक्षरओळखीचा संस्कार झाला नसेल तर सूचीकाराच्या लेखी ती छायाचित्रे असतात.

युनिकोडमध्ये लिहिले म्हणजे सर्व आलबेल झाले, असेही नाही. शोधयंत्रणा सामान्यतः शब्दाच्या आरंभाशी जुळणी करते. ‘पत्र’ शोधल्यावर ‘पत्रात’ आणि ‘पत्राचे’ सापडतील. परंतु ‘शाळा’ शोधल्यावर ‘शाळेत’, ‘शाळेचा’, ‘शाळेला’ सापडतीलच असे नाही, कारण मराठीत विभक्ती लागताना शब्दाचे सामान्यरूप होते आणि शेवटचा ‘ळा’ ‘ळे’ होऊन बसतो. ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ यांसारख्या शब्दांतील र चे आडवे रूप तर संगणकात दोन निरनिराळ्या रीतींनी साठविले जाते. पडद्यावर दोन्ही एकसारखी दिसतात, पण यंत्राच्या हिशेबी ते दोन वेगळे शब्द ठरू शकतात. इंग्रजी शब्द शोधणाऱ्याच्या मार्गात यांतल्या बऱ्याच अडचणी येत नाहीत. यामुळे सूचीकाराच्या मौनाची किंमत मराठी लेखकाला अधिक मोजावी लागते, आणि ही यंत्रणा रचणाऱ्यांच्या ध्यानात ती बाब क्वचितच येते. शंभर फायलींत ओळखीचा एकही शब्द आढळला नाही, एवढी साधी नोंद जरी सूचीकाराने दाखविली, तरी तो विभाग जुन्या टंकातला आहे हे लिपिकाच्या चटकन लक्षात येईल.

दृश्यतेचा आणखी एक पैलू आहे, आणि तो खाजगीपणाचा आहे. सूचीकार हा वाचक आहे, हे आपण विसरतो. ऑक्टोबर २००४ मध्ये गुगलने ‘गुगल डेस्कटॉप’ आणला, तेव्हा तो फायलींबरोबरच पाहिलेल्या संकेतस्थळांच्या प्रतीही आपल्याजवळ ठेवी. सुरक्षित म्हणविणारी पाने, बँकेची विवरणे, हीही त्यातून सुटली नव्हती. ज्या संगणकावर एकाहून अधिक माणसे बसतात, तेथे याचा अर्थ काय होतो ते उघड आहे. आपल्याकडे शिक्षकांच्या खोलीत एकच संगणक आणि सर्वांचा मिळून एकच प्रवेशशब्द, ही स्थिती दुर्मीळ नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये त्याच आज्ञावलीच्या नव्या आवृत्तीत, एका संगणकावरून दुसऱ्या संगणकातील कागद शोधता यावेत म्हणून मजकुराच्या प्रती गुगलच्या यंत्रांवर ठेवण्याची सोय आली, आणि ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ या संस्थेने ती वापरू नका असा जाहीर इशारा दिला. २०११ मध्ये ती आज्ञावली बंद झाली. न्यायबुद्धीने हेही सांगावयास हवे, की आपण किती वाचले आणि किती उरले हे दाखविणारे एक पान तीत होते, आणि यंत्र तीस सेकंद स्वस्थ राहिल्यावरच प्रारंभीचे वाचन सुरू करण्याचा सभ्यपणाही होता.

अलीकडचा प्रसंग अधिक बोलका आहे. २० मे २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘रिकॉल’ जाहीर केला. हा नुसता फायली वाचणारा सूचीकार नव्हे. दर काही सेकंदांनी तो पडद्याचेच चित्र टिपतो, त्यातील मजकूर ओळखतो आणि शोधासाठी साठवितो. सुरक्षातज्ज्ञांनी लवकरच दाखवून दिले, की हा साठा त्याच संगणकावर चालणाऱ्या इतर आज्ञावलींना सहज वाचता येण्याजोगा होता. गदारोळ झाला. ७ जूनला कंपनीने जाहीर केले, की वापरणाऱ्याने स्वतः होकार दिल्यावरच तो सुरू होईल. पुढे त्याचे आगमनच लांबले आणि एप्रिल २०२५ मध्ये तो सर्वसाधारण वापरासाठी आला. आता चित्रे टिपली जात असताना पट्टीवर चिन्ह दिसते आणि तेथूनच विराम देता येतो. जे चिन्ह ट्रॅकरसारख्या स्वयंसेवकांच्या आज्ञावलीत २००७ साली होते, ते या धनाढ्य कंपनीच्या पट्टीवर आले तेव्हा केवढा कल्लोळ होऊन गेला होता, याचा विस्मय वाटतो.

मग सूचीकाराने किती दिसावे? माझे उत्तर असे, की तो दिसण्याची खरी जागा पट्टीवरचे चिन्ह ही नसून शोधाचे उत्तर ही आहे. ‘काहीही सापडले नाही’ या वाक्याखाली एक ओळ असावी: अमुक फोल्डरांतील मजकूर पाहिला, तमुक फोल्डरांत फक्त नावे पाहिली, इतक्या फायली अद्याप वाचावयाच्या आहेत, इतक्या उघडल्या पण त्यांतून मजकूर मिळाला नाही. यातील पुष्कळशी माहिती सूचीकाराजवळ असतेच. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ नावाच्या चौकटीत तो प्रामाणिकपणे सांगतोही, की इतक्या वस्तूंची सूची झाली, किंवा आपण काम करीत असल्यामुळे मी सावकाश चाललो आहे. सत्य उपलब्ध आहे. फक्त ते अशा खोलीत ठेवले आहे जेथे कोणी जात नाही. ग्रंथालयात ‘ग्रंथ नाही’ आणि ‘ग्रंथाची नोंद अजून व्हावयाची आहे’ या दोन उत्तरांतला फरक ग्रंथपाल आपल्याला टेबलावरच सांगतो, तळघरातील वहीत लिहून ठेवीत नाही.

रचनाकारांना ही सुबुद्धी होईल तेव्हा होवो. तोवर लिपिक-शिक्षकांनी ती चौकट एकदा उघडून पाहण्यास हरकत नाही. तेथे वाचनाखालील जागांची यादी दिसते. तिच्यात ‘डी ड्राइव्ह’ नसेल, आणि बहुधा नसतोच, तर ‘मॉडिफाय’ या बटणाने त्यावर खूण करता येते. आणि ‘ॲडव्हान्स्ड’मधील ‘फाइल टाइप्स’मध्ये आपल्या फायलींच्या प्रकाराला नावाबरोबर मजकूरही वाचण्याची आज्ञा आहे की नाही, तेही पाहावे. खूण केल्यावर वस्तूंचा आकडा वाढू लागतो. कचेरीतले जुने यंत्र असेल तर पहिल्या वाचनाला दिवसही लागू शकतो. तेव्हा शनिवारी घरी जाताना संगणक झोपणार नाही अशा बेताने सुरू ठेवावा आणि सोमवारी तो आकडा स्थिरावला आहे का, ते पाहावे. जुन्या टंकातील फायली त्यानंतरही सापडणार नाहीत. त्या कोणत्या फोल्डरांत आहेत याची यादी एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवावी, आणि माहिती अधिकाराच्या अर्जावर शेरा मारण्यापूर्वी ते फोल्डर हाताने उघडून पाहावेत.